हिरव्या धाग्याचा मासा

सोलापूरचा आणि समुद्राचा संबंध एवढाच, की उन्हाळ्यात इथल्या माणसाच्या सदऱ्यावर मीठ जमतं. मासा इथं येतो तो तळ्यातून, धरणातून, नाहीतर बर्फात झोपून परमुलखातून. बाजारात कुठल्याही पाटीपुढं उभं राहा आणि विचारा, विकणारी बाई हात न थांबवता सांगेल, आत्ताच आलाय, जवळचाच आहे. इतकं जवळ पाणी असतं तर आमच्या नळांना दिवसच्या दिवस वाट बघायला लागली नसती, पण हे तिला कोण सांगणार? गिऱ्हाईकही मान हलवतं, कल्ले उचलून बघितल्यासारखं करतं आणि पिशवी पुढं धरतं.

मुमताजच्या पाटीपुढं मात्र हा प्रश्न कुणी विचारत नसे. तिच्या प्रत्येक माशाच्या तोंडातून आणि कल्ल्यातून सुताचा एक धागा ओवून गाठ मारलेली असायची. हिरवा धागा म्हणजे केमकडच्या वाडीच्या तळ्यातला मासा, पिवळा म्हणजे धरणाच्या पाण्यातला, आणि पांढरा म्हणजे बाहेरच्या गाडीतून आलेला. पांढऱ्याबद्दल कुणी जास्त खोदून विचारलं तर ती सरळ सांगायची, "त्ये मला म्हाईत न्हाय. घ्यायचा तर घ्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या." असं बोलणाऱ्या बाईचा धंदा बुडावा अशी जगाची रीत आहे, पण तिचा चालला.

ही पद्धत तिच्या नवऱ्याची, लालसाबची. तरुणपणी तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. कारखाना बंद पडल्यावर तो माशांच्या धंद्यात शिरला, पण सुताचा नाद काही सुटला नाही. एका वेळी एकच पेटी उघडायची, आणि त्या पेटीतल्या शेवटच्या माशाला गाठ बसल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, अगदी चहालाही नाही, असा त्याचा दंडक होता. लालसाब जाऊन काही वर्षं झाली, दंडक मागं राहिला. सूत शेजारच्या हेमावतीकडून यायचं. तिच्या घरात अजून माग खडखडत होते आणि उरलेल्या सुताची गुंडी देताना ती न चुकता म्हणायची, "तुझा मासा माझ्यापेक्षा भारी रंग घालतोय की गं."

हिरव्या धाग्याचा मासा धाडायचा तो जोतीराम. वाडीतल्या भोयांची सोसायटी होती, तळं सोसायटीकडं होतं आणि जोतीराम सोसायटीचा कारभार बघायचा. रात्री लावलेली जाळी पहाटे ओढायची, मासा बर्फात घालायचा आणि केम स्टेशनात सोलापूरच्या गाडीत पेटी चढवायची, असा त्यांचा क्रम. बर्फ आणण्याचं आणि पेटी भरण्याचं काम त्याचा धाकटा भाऊ सतीश करायचा. सतीश अबोल, कामाला वाघ, आणि थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा. जोतीराम लालसाबला भाई म्हणायचा, म्हणून मुमताज दोघा भावांची भाभी. ईदेला शीरखुर्मा केमला जायचा आणि पाडव्याला केमहून साखरेच्या गाठींबरोबर एखादी जिवंत मरळ यायची.

मग पुण्याची एक कंपनी आली. फोनवरून घरोघरी मासे पोचवणारी. तिच्या वतीने आलेली प्रतिक्षा ही पंचविशीतली मुलगी बाजारात नाकाला रुमाल न लावता फिरली, हे मुमताजला आधी आवडलं. प्रतिक्षा तिच्या पाटीपुढं थांबली, धागे बघितले, त्यांचा अर्थ विचारला आणि चक्क तिथल्याच उलट्या पेटीवर बसली.

"मावशी, आमची कंपनी ज्याच्या मागे लागलीय ते तुमच्याकडे आधीपासून आहे," ती म्हणाली. "मासा कुठल्या पाण्यातला, कुणी पकडला, कुठल्या दिवशी, हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. तुम्ही धागा बांधा, त्यावरून मी कोड लावते. पाकिटावरचा कोड फोनने स्कॅन केला की वाडीचं तळं दिसेल."

आणि खरंच दिसायला लागलं. पुण्यात कुणीतरी बाई फोन पाकिटावर धरायची आणि तिला तळ्याकाठी जाळं घेऊन उभा असलेला जोतीराम दिसायचा, लाजून हसताना. वाडीत या फोटोचं कौतुक महिनाभर पुरलं. सोसायटीनं कुर्डुवाडीच्या बाजारात मासा धाडणं बंद केलं, सगळा हिरव्या धाग्यात जायला लागला. पोरांची नावं शाळेत वेळेवर घातली गेली, दोन घरांवर पत्रे नवे आले. एकच अट जाचक होती. पेटी दर आठवड्याला ठरल्याइतकी भरलेली पाहिजे. सारखी कमी यायला लागली तर ते तळं यादीतून जाणार.

आता माशाला ही अट कोण वाचून दाखवणार? तळं काही कारखाना नाही. पूर्वेचा वारा सुटला की मासा तळाला बसतो, ढग दाटले की वेगळ्याच तंद्रीत असतो, आणि कधी काहीच कारण नसताना जाळं रिकामं येतं. भोई माणूस त्याला 'आज पाणी रुसलं' म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. कंपनीच्या कामात रुसलेल्या पाण्याची सोय नव्हती. प्रतिक्षा वाईट मुलगी नव्हती, तिनं दोनदा सांभाळून घेतलं. त्या भाद्रपदात मात्र असा पाऊस झाला की ओढे फुटून सगळा गाळ तळ्यात उतरला. पेटी एकदा अर्धी आली, पुन्हा अर्धी आली. प्रतिक्षानं फोनवर हळू आवाजात सांगितलं की आता पुन्हा कमी आली तर वरचे लोक ऐकणार नाहीत.

पुढच्या खेपेच्या सकाळी जोतीरामचा फोन आला. "भाभी, जाळ्यात नुसता चिखल येतोय," तो म्हणाला. "पेटी धाडलीय, पन तिच्यात मासा हाय म्हनायला लाज वाटती. आता काय करायचं वो?"

त्याच्या आवाजात जे होतं ते मुमताजला सहन झालं नाही. लालसाब अंथरुणाला खिळला तेव्हा हाच माणूस दर आठवड्याला गाडीत बसून येत होता, उशाशी नुसता बसून राहत होता. आता त्याच्या वाडीच्या तोंडचा घास जाणार आणि आपण पाटीमागं बसून बघणार, हे तिला पटेना. "मी बघते की," ती म्हणाली, "तुमी घाबरू नगासा." एवढं बोलून तिनं फोन ठेवला, आणि इथंच सगळं फिरलं.

कारण त्या दिवशी तिनं दोन पेट्या एका वेळी उघडल्या. एक केमची, जवळजवळ रिकामी. दुसरी बाहेरच्या गाडीतली, कटला माशानं गच्च भरलेली. माल बघून घेतला तिनं, आंधळेपणानं नाही. कल्ले लाल होते, डोळे स्वच्छ, अंग घट्ट. जरा जास्तच घट्ट. माशीसुद्धा बसत नव्हती त्यावर. पण पावसाची झड होती, माश्या अशाही कमीच होत्या, असं तिनं स्वतःला समजावलं. जिनं आयुष्यभर दुसऱ्याला समजावायचं नाकारलं, तिनं स्वतःला मात्र फार पटकन समजावलं. मग हिरवं सूत हातात घेऊन ती एकेका कटल्याच्या कल्ल्यातून धागा ओवत गेली. हात थरथरले नाहीत, याचंच तिला नंतर सगळ्यात जास्त वाईट वाटत राहिलं.

कंपनी अधूनमधून मासे तपासायला पाठवायची. या वेळी हिरवा धागा बांधलेल्या त्या कटल्यातला एक गेला. त्यात मासा टिकवायचं औषध निघालं, प्रेत राखायला वापरतात ते. कोड स्कॅन झाला आणि त्यानं त्याचं काम चोख केलं. मासा कुठून आला? वाडीच्या तळ्यातून. पकडला कुणी? लाजून हसणाऱ्या जोतीरामनं. वाडीचं नाव यादीतून उडालं, बातमी इकडून तिकडं पसरली, आणि कुर्डुवाडीच्या बाजारातही वाडीचा मासा कुणी पाटीत घेईना.

मुमताजनं त्याच दिवशी बोलायला हवं होतं. तिनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. दोन दिवसांत सगळं थंड होईल, मग सांगू, असं तिला वाटलं. भीती तिला पाटी जाण्याची नव्हती, असं म्हटलं तर खोटं होईल. तीही होती. पण खरी भीती जोतीरामच्या तोंडाची होती. त्याच्या तोंडावर आपल्याबद्दल काय उमटेल ते बघण्याइतकं धैर्य तिला गोळा होत नव्हतं.

तिकडं वाडीत मारुतीच्या देवळापुढं सोसायटी बसली. चूक कुठं झाली ते शोधायचं होतं, आणि माणसं काही मूर्ख नव्हती, त्यांनी नीट पायरीपायरीनं विचार केला. पाणी आपलं, त्यात आपलीच पोरं पोहतात. जाळं आपलं. धागा भाभींचा, आणि भाभींचा धागा चुकायचा नाही, यावर तर कुणी चर्चासुद्धा केली नाही. कमी भरलेल्या पेटीचं भाभींनी मॅडमशी बोलून निभावलं असणार, असंच सगळे धरून चालले होते. मग उरलं काय? बर्फ. आणि बर्फ आणतो कोण?

सतीशला आधी सगळ्यांनी गोडीनं विचारलं. त्या पावसात वीज गेली होती, नेहमीच्या ठिकाणी बर्फ मिळाला नाही म्हणून त्यानं भलतीकडूनच आणला होता. तो बर्फ कशाचा, कसला, त्याला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' हे उत्तर देणाऱ्या माणसाकडं बघण्याची एक नजर असते. ती नजर त्याच्याकडं रोज वळायला लागली. पाणवठ्यावर त्याच्या बायकोशी बोलणं कमी झालं. मग कंपनीकडून निरोप आला की कारण सापडलं आणि ते दूर केलं तर वाडीला पुन्हा घेण्याचा विचार होईल. दसऱ्यानंतरच्या बैठकीत सतीश उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याच बर्फातनं आलं आसंल. चूक माझी हाय." सोसायटीनं त्याला काढलं. आठवड्याभरात तो बायको आणि लेकीला घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर श्रीपूरला निघून गेला. वाडीचा कोड पुन्हा सुरू झाला.

हे सगळं मुमताजला प्रतिक्षानं सांगितलं, चांगली बातमी म्हणून. "सुटलं मावशी एकदाचं," ती म्हणाली. "बर्फाचा प्रॉब्लेम होता. तुमच्या धाग्यावर तर आमच्या ऑफिसमध्ये कुणाला शंकाच नव्हती."

मुमताज त्या दिवशी जेवली नाही. दिवाळी उलटल्यावर तिनं पाटी हेमावतीवर सोपवली आणि सकाळच्या गाडीनं केम गाठलं. जोतीराम तळ्याकाठी जाळं वाळत घालत होता. तिला बघून तो आनंदला, घरी चला म्हणाला. ती उभीच राहिली. जाळ्याच्या अलीकडं ती, पलीकडं तो, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. कटला, पांढऱ्याऐवजी बांधलेला हिरवा धागा, न बसलेली माशी, सगळं.

जोतीरामनं जाळ्याची एक गाठ चाचपली. "माझ्यासाटी केलंसा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर मुमताजला बरं वाटलं असतं.

"आता मी त्या मॅडमला सांगते," ती म्हणाली. "सतीशच्या नावावरचा डाग निघंल."

"नगासा." त्यानं मान वर केली. "तुमी सांगितलं तर धागा खोटा ठरंल. धागा खोटा ठरला तर आमच्या माशाला कोन खरं म्हनंल? समदी घरं हाईत माज्यामागं, भाभी. आत्ता कुटं चुली पेटायला लागल्यात."

"आन् सतीश?"

"सतीश माझा धाकटा हाय. त्याचं मी बघतो. दोन साल जाऊ द्या, लोक इसरत्याल, मग मीच त्याला घिऊन येतो." आणि मग त्यानं जे केलं ते मुमताज मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं तिच्यापुढं हात जोडले. "तुमी गप ऱ्हावा."

परतीच्या गाडीत माढा गेल्यावर मुमताजच्या ध्यानात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. गुन्हा कबूल झाला होता, शिक्षा झाली नव्हती आणि गप्प राहण्याची विनंती तर दुसऱ्यानंच केली होती. याहून सोयीचं काय असणार? त्या हलकेपणाची तिला शिसारी आली. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं, कारण समोरच्या बाकावरची बाई आपुलकीनं विचारत होती, कुणाकडं गेला होता?

गप्प राहायला ती शिकली. हिवाळ्यात पाणी निवळलं, मासा भरपूर आला. हिरवे धागे आता खरे होते. प्रत्येक गाठ खरी होती आणि प्रत्येक गाठीला तिला तो कटला आठवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्याकडं बघायला नको, डोळे झाकून घ्यावं," आणि ती मान खाली घालून मासा तोलायची. हेमावतीनं विचारलं, "आजारी हाईस का?" मुमताज म्हणाली, "न्हाय की." ज्या तोंडाला 'मला माहीत नाही' म्हणायची कधी लाज वाटली नव्हती, त्या तोंडाला आता साधं 'नाही' म्हणणंसुद्धा जड जात होतं.

ऊस संपत आला, फेब्रुवारीत, तेव्हा तिच्या मनानं घेतलं की टोळ्या आता परतीला लागतील आणि सतीश कुठं जाईल कुणास ठाऊक. वाडीला सांगायचं नाही, कंपनीला सांगायचं नाही, कबूल. पण ज्याच्या डोक्यावर हे ओझं दिलं, त्याला तरी ते त्याचं नाही हे कळायला नको? जोतीरामला न विचारता, एस.टी. बदलत बदलत ती श्रीपूरला पोचली.

कारखान्याच्या अलीकडं उसाच्या पाचटाच्या कोप्या होत्या. बैल सोडलेल्या गाड्या, धूर, हवेत मळीचा आंबूस वास. सतीश एका कोपीपुढं बसून कोयत्याला धार लावत होता. ओळखू येईना इतका काळा पडला होता, तळहात पाचटानं चिरलेले. तिला बघून तो धडपडत उठला, लेकीला पाणी आणायला पाठवलं आणि स्वतःचं बसायचं पोतं झटकून तिला दिलं.

"भाभी, एक इचारू?" तिनं तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला. "त्या औषिदानं बारक्या पोरांना काय हुतं का? त्याच बर्फातला मासा मी घरी बी नेलता. लेकीनं खाल्ला. मधनंच तिचं पोट दुखतंय. डागदरला सांगायचं म्हनलं तर काय सांगू? बापानंच घातलं म्हनून?"

एवढे महिने हा माणूस रोज लेकीच्या तोंडाकडं बघत होता, तिला ठसका लागला तरी दचकत होता. "तुझ्या बर्फात काय नव्हतं रे सतीश," मुमताज म्हणाली. "तुझा मासा चांगला हुता. खराब मासा माझा हुता. गाडीचा. मी त्याला तुमचा धागा बांधला." आणि इथंही तिनं सगळं सांगितलं, काही न राखता. सांगताना ती रडली, पण रडण्यामागं लपली नाही.

सतीश ऐकत होता. एकदा त्यानं लेकीकडं बघितलं. ती घागरीतून तांब्यात पाणी ओतत होती. त्याचे खांदे खाली आले, त्याचा श्वास सुटलेला मुमताजला ऐकू आला. क्षणभर तिला वाटलं, आले ते बरं झालं. आपल्या हातून आता तरी काही चांगलं घडलं.

"मंग आमी गावाकडं जायाला हरकत न्हाय की," सतीश म्हणाला. आवाज पोरासारखा झाला होता. "दादाला सांगतो. दादाच्या जिवाला लई लागलंय ह्ये. त्याला आदी सांगाय पायजे." मग मुमताजच्या तोंडाकडं बघता बघता तो थांबला. "दादाला म्हाईत हाय का?"

नाही, एवढं म्हटलं की झालं असतं. एक शब्द, तोही दुसऱ्याच्या भल्यासाठी. भावाला भाऊ राहिला असता. मुमताजला तो शब्द जिभेवर आलेला कळला, आणि हेही कळलं, की त्या पावसाच्या सकाळीसुद्धा तिनं कुणाच्या तरी भल्यासाठीच केलं होतं.

"हाय," ती म्हणाली.

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

सतीशनं कोयता बाजूला ठेवला. लेक तांब्या घेऊन आली, मुमताजच्या हातात देऊन बापाला टेकून उभी राहिली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"संक्रांतीला आलता हितं," तो म्हणाला. "एवढ्या लांब. पोरीला झगा आनला, मला तिळगूळ दिला. म्हनला, झालं त्ये झालं, सतीश. मी तुला माफ केलं."